आगाऊ श्रद्धांजली

माझी श्रद्धांजली मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकली आहे. हातात बटाटेवड्याची बशी होती. वडा अर्धा खाऊन झाला होता, आणि समोर उभे राहून आमच्या क्लबचे नाना अत्यंत जड आवाजात सांगत होते की माझ्या जाण्याने नारायणगावच्या मुद्रण व्यवसायाचे कधीही भरून न येणारे नुकसान झाले आहे. उरलेला वडा मी बशीत ठेवला. सभागृहातली मंडळी माझ्याकडे पाहत होती. भिंतीवरच्या फोटोकडे पाहतात तशी. नजर ओळखीची, पण उत्तराची अपेक्षा नसलेली.

बोलून झाल्यावर नानांनी रुमालाने तोंड पुसलं, दशक्रियेच्या घाटावरचा आवाज सोडून एकदम दुकानातला काढला आणि मला विचारलं, "चुकलं असंल तर आत्ता सांगा, राव. मागनं न्हाई चालायचं."

मी म्हणालो, "नाना, मी जिवंत आहे."

"म्हनून तर इचारतोय," नाना म्हणाले.

नानांचं पुणे-नाशिक रस्त्यावर मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार भरून द्यायचं, दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती टेम्पोत घालून त्यांच्याकडे आणत. नाना झाकण उघडत, आत नाक घालून एक दीर्घ श्वास घेत आणि निकाल देत, "टू फेजवर चालवलीया." आमच्याकडे तेव्हा पुरी, तीन फेजची लाईट थोडा वेळ यायची आणि बाकीचा वेळ दोनच फेज असायच्या. पाण्यासाठी घायकुतीला आलेला शेतकरी कंडेन्सर लावून मोटार दोनावरच रेटायचा. ती बिचारी दोन-चार दिवस ओढायची आणि मग जळायची. असं केल्याचं आजवर एकाही शेतकऱ्याने कबूल केलेलं नाही. नानांचं नाक मात्र कधी चुकलं नाही, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं.

अशा माणसाचा आणि आमच्या कुकडी सर्व्हिस क्लबचा संबंध कसा आला, हे मला कोडंच आहे. हा क्लब दर गुरुवारी संध्याकाळी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. खाली लग्न असलं की खाली बँड आणि वर सेवा. प्रत्येकाच्या नावाआधी 'सेवामित्र' लावण्याची सक्ती होती. अध्यक्ष होईल तो गळ्यात बिल्ल्यांची साखळी घाली. ती घातली की चांगल्या माणसाचीही मान वळेनाशी होई. सभा सुरू करताना पितळी घंटा लाकडी हातोडीने वाजवायची, संपवताना पुन्हा वाजवायची, आणि मधल्या वेळात मागच्या गुरुवारी काय झालं ते वाचून दाखवायचं. मागच्या गुरुवारी त्याच्या मागच्या गुरुवारचं वाचलेलं असे. तरीही अधूनमधून मोतीबिंदूचं शिबिर व्हायचं, डोंगरातल्या वाडीवर स्वेटर जायचे, आणि त्या स्वेटरांपेक्षा मोठा फलक धरून आम्ही फोटोला उभे राहायचो. माझा छापखाना असल्यामुळे क्लबचं साप्ताहिक पत्रक माझ्याकडे होतं. नानांकडे शोक होता.

शोक हे आमच्या भागात लहान खातं नाही. जुन्नर-आंबेगावात माणूस मरतो घरी किंवा दवाखान्यात. पण त्याचं सार्वजनिक मरण दहाव्या दिवशी, नदीकाठच्या घाटावर, माइकवर होतं. पिंडाकडे कावळा येवो न येवो, दशक्रियेला वक्ते येतात. दूध सोसायटीतर्फे, पतसंस्थेतर्फे, सोयऱ्यांतर्फे, आजी आणि माजी संचालकांतर्फे प्रत्येक जण 'दोन शब्द' बोलतो. या दोन-दोन शब्दांत ऊन डोक्यावर येतं आणि मुंडण केलेली मंडळी डोक्याला उपरणी गुंडाळू लागतात. क्लबतर्फे तिथे नाना बोलत. दुकानातली भाषा दुकानात ठेवून ते घाटावर इतकं शुद्ध बोलत की त्यांच्या गिऱ्हाइकांना तो दुसराच कोणी माणूस वाटे.

एका बागायतदाराच्या दहाव्याला नाना म्हणाले, "आपल्या हातांनी लावलेली आमराई मागे ठेवून अण्णा गेले." तोच बायकांच्या घोळक्यातून अण्णांची विधवा ताडकन उभी राहिली. "आंबं म्या लावल्यात! त्यांनी कंदी एक तांब्या पानी न्हाई घातलं!"

 भटजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. कावळाही त्या दिवशी दुपारपर्यंत फिरकला नाही, आणि लोकांनी त्याचं खापर नानांवर फोडलं.

पुढच्या गुरुवारी नाना सभेत उठून म्हणाले, "बाई बरूबर व्हती. पन ज्याला खरं-खोटं इचारायचं, तो गेलेला. ह्याला एकच उपाय हाय. आदी इचारायचं."

हा उपाय म्हणजे काय ते मला त्या दिवशी, वडा खाताना कळलं.

तेव्हापासून दर गुरुवारी चहानंतर नाना एका सभासदाची श्रद्धांजली तालीम म्हणून घेऊ लागले. पहिले काही आठवडे क्लबमध्ये नुसता हाहाकार होता. एका केमिस्टने मधेच उठून स्वतःचं ब्लडप्रेशर तपासून घेतलं. माझ्या वेळी खालच्या लग्नातल्या कोणीतरी जिन्यातून अर्धवट ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बायका पदर तोंडाला लावून आमच्या दारात आल्या. त्यांना चहा मीच नेऊन दिला. त्यांतल्या एकीने तो घेतला नाही.

मग धक्का ओसरला आणि हाव सुटली. माणसं नानांच्या दुकानात चकरा मारू लागली. माझं बंधाऱ्याचं काम राहिलं, माझं शिक्षणप्रेम घ्या, मी एकदा पुढाऱ्याला तोंडावर बोललो होतो ते घाला. अध्यक्ष वकीलसाहेबांनी तर आपल्या श्रद्धांजलीची तालीम पुन्हा पुन्हा करवून घेतली. ते म्हणाले, "नाना, सगळं आलं, पण माझ्या स्वभावातला विनोद नाही आला."

"इनोद मला गावला न्हाई, साहेब," नाना म्हणाले. "कुठं व्हता?"

खरी गोष्ट अशी, की नाना शोधत असत. ज्याची पाळी असेल त्याच्या गावी जाऊन, पारावर बसून, म्हाताऱ्यांना विचारून येत. त्यामुळे भरून न येणाऱ्या नुकसानाच्या मधेच एखादं असं वाक्य येई की ऐकणारा चहाचा कप खाली ठेवी. माझ्याबद्दल ते म्हणाले होते, "लग्नपत्रिकेत मुलीच्या आईचं नाव घालायचं राहिलं, तर हा माणूस कोणाला न विचारता ते घालीत असे." हे कोणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. 'असे' ऐकून मात्र अंगावर काटा आला.

एकच श्रद्धांजली नाना कधी बोलले नाहीत, आणि ती कोणाची, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. आंबेगाव तालुक्यात, अवसरीचा घाट ओलांडल्यावर पेठ लागतं. नाना मूळचे तिथले. तिथे त्यांचे थोरले भाऊ होते, दादा. दोघांची विहीर एक, तिच्यावरची मोटार एक. एका उन्हाळ्यात ती जळाली. नानांनी नाक घातलं आणि म्हणाले, दादानं टू फेजवर चालवली. दादा म्हणाले, ह्याचं वायंडिंगच कच्चं होतं. नानांनी मोटार पुन्हा भरून दिली, पण बोलणं तेव्हा जे बंद झालं ते झालंच. नानांनी पेठला पाय ठेवणं सोडलं. वर्षं गेली. आणि क्लबात या तालमी चालू होत्या त्या पावसाळ्यात दादांना लकवा झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अर्धं गेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

आता नाना भावाशी बोलणार, की भावाच्या दहाव्याला बोलणार? आम्ही आडून विचारायचो, "पेठची काय खबर?"

"लाईट नाय म्हनत्यात तिकडं," असं म्हणून नाना दुसऱ्याची मोटार उघडायचे.

अशातच आमच्या क्लबला प्रांतप्रमुखांची अधिकृत भेट ठरली. हे गृहस्थ पुण्याचे मोठे कारखानदार. त्यांच्या साखळीला आमच्या अध्यक्षांच्या साखळीपेक्षा बिल्ले जास्त. वेशीपासून मोटारसायकलींची रांग लावून त्यांना आणलं. वकीलसाहेबांनी नवा कोट शिवला होता. आश्विनाच्या उकाड्यात तो त्यांना आतून शिजवत होता. जेवणाला मासवडी होती आणि तिचा वास भाषणांच्याही आधी वर पोचला होता. नानांना फक्त आभार मानायला सांगितलं होतं. फक्त आभार, हे वकीलसाहेबांनी बजावून सांगितलं होतं.

नाना माइकपाशी गेले, हात जोडले आणि घाटावरच्या आवाजात म्हणाले, "आज आपल्यातून निघून गेलेले आदरणीय प्रांतप्रमुख..."

वकीलसाहेब हसले. त्यांना वाटलं, 'आपल्यात आलेले' म्हणायच्या जागी नानांच्या तोंडून सवयीने 'निघून गेलेले' आलं. मग पुढचं वाक्य आलं. "त्यांच्या पवित्र आत्म्यास..." पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या हातून पुष्पगुच्छ पडला. वकीलसाहेब माइक काढून घ्यायला धावले, तर त्यांची साखळी माइकच्या वायरमध्ये अडकली आणि ते वाकलेल्या अवस्थेत तिथेच राहिले. नाना थांबले नाहीत. ते सांगत होते की प्रांतप्रमुख मूळचे बेल्ह्याकडचे. बेल्ह्याच्या बैलबाजारात वडिलांनी घरचा बैल विकला, तेव्हा हे लहान होते आणि बैलाचं दावं हातातून सोडत नव्हते. बापाने बोटं उलगडून दावं सोडवलं. "त्यानंतर साहेबांनी मोठं नाव कमावलं, पण गावात मात्र पुन्हा पाऊल ठेवलं नाही."

प्रांतप्रमुखांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते उभे राहिले. "हा काय प्रकार आहे?"

"चुकलं असंल तर आत्ता सांगा, साहेब," नाना अत्यंत आदराने म्हणाले.

 साहेब जिना उतरले, गाडीत बसले आणि मासवडीला हात न लावता पुण्याला गेले. मासवडी सोडून गेलेला माणूस आमच्याकडे त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

पुढच्या गुरुवारी एकच विषय होता, नानांना क्लबमधून काढणे. घंटा वाजली. वकीलसाहेबांनी अर्धा पीनल कोड ऐकवला. नाना मांडीवर हात ठेवून बसले होते, बोटांच्या पेरांत तांब्याच्या तारेचा काळा वार्निश. शेवटी म्हणाले, "काढा मला. पन मी वाईट काय बोललो, तेवढं सांगा."

तेव्हा वकीलसाहेब भडकले. "वाईट? अहो, सख्खा भाऊ पेठला अंथरुणाला खिळलाय, त्याच्याशी दोन शब्द बोलायला तुमची जीभ उचलत नाही, आणि धडधाकट माणसं तेवढी मारताय!"

हे बोलून गेल्यावर सर्वांत जास्त हादरले ते वकीलसाहेबच. हातोडी त्यांच्या हातात तशीच राहिली. खाली कोणाच्या तरी सत्काराचा बँड वाजत होता, तोही कोणीतरी थांबवावा असं वाटलं. कोणी नानांकडे पाहीना. नाना उठले, टोपी नीट केली. "बरूबर हाय तुमचं," एवढं म्हणून जिना उतरले. ठराव कोणी मांडला नाही. समारोपाची घंटा वाजवायचंही त्या दिवशी राहिलं.

सकाळी छापखाना उघडतो तो नाना पायरीवर.

"स्कूटर काढा. पेठला जायचंय."

"मी कशाला?"

"परका मानूस संगं असला का लोक हाकलत न्हाईत."

मंचर सोडलं, घाट चढलो, उतरलो. पेठच्या अलीकडे मागे बसलेले नाना म्हणाले, "मोटारीचा वास अजून नाकात हाय माझ्या. टू फेजच व्हती ती."

माझ्या मनात आलं, संपलं. हा माणूस भांडायला निघालाय.

दारात नानांच्या वहिनी सुपात मटकी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा खाली पाहिलं. "कोन पायजे?"

"वैनी, मी."

"मी म्हंजे कोन? हितं लई जन येत्यात." सुपातले खडे त्या जरा जोरातच भिरकावत होत्या. "का दहाव्याच्या आदी घाट बघून ठिवाय आलाय?"

"आत येऊ का?"

"घर त्यांचं हाय. त्यांना इचारा."

आत खाटेवर दादा होते. उजवा गाल ओघळलेला, डोळे मात्र लख्ख. भावाला पाहून त्या डोळ्यांत काय आलं ते मला सांगता येणार नाही. नाना खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. वाटलं, आता पाया पडतील, रडतील, निदान बसतील. नानांनी दोन्ही हात पुढे बांधले, घसा खाकरला आणि म्हणाले,

"जमलेल्या समस्त बंधू-भगिनींनो."

जमलेले म्हणजे मी आणि खांबाला बांधलेली शेळी.  नाना चालूच होते. "आज आदरणीय दादांविषयी दोन शब्द बोलताना अंतःकरण जड होत आहे..."

वहिनी सूप टाकून आत धावल्या. "आवो, ह्ये काय अभद्र! जिता हाय त्यो! पावणं, आवरा की ह्यांना!"

मी नानांचा दंड धरला. तेवढ्यात दादांनी डावा हात उचलला. हात वहिनींकडे आणि माझ्याकडे होता. थांबा, असं ते आम्हांला सांगत होते.

नाना बोलत राहिले. "वडील गेले तेव्हा दादांचं स्वतःचं शिकायचं वय होतं. त्यांनी शाळा सोडली आणि धाकट्याला आय.टी.आय.ला घातलं." इथे घाटावरचा आवाज एकदम फाटला आणि आतला दुकानातला आवाज बाहेर आला. "पुन्याला जायच्या दिशी माझा सदरा फाटका व्हता. ह्यानं अंगातला काढून मला घातला, आन् येस्टीपत्तुर बनेनवर आला. लोक हसत व्हते. ह्यो त्यांच्यासंगं हसत व्हता. गाडी हलली तरी हसत व्हता."

मग नानांनी खाली पाहिलं. "ह्यानं कंदी मोटार टू फेजवर चालवली न्हाई. वायंडिंग कच्चं व्हतं. माझं."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. रस्त्यात हा माणूस मला काय म्हणाला होता, आणि त्याचं नाक कधी चुकत नसे, हे मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा नाना श्रद्धांजलीत जाणूनबुजून खोटं बोलत होते.

"चुकलं असंल तर आत्ता सांग, दादा," ते म्हणाले. "मागनं न्हाई चालायचं."

दादांचं तोंड बराच वेळ शब्द जुळवत राहिलं. एका बाजूने लाळ आली, ती वहिनींनी पदराने पुसली.

"चा...लवली," दादा म्हणाले. "दोन... दिस. कांदा... वाळत... व्हता."

"म्या सांगत व्हते नका चालवू म्हनून!" वहिनी एकदम म्हणाल्या. "तवाबी नाय आयकलं माझं!"

नाना खाटेच्या कडेवर बसले.  "मंग तवाच सांगाया काय झालं व्हतं रं तुला?"

दादांनी श्वास घेतला. "तू... इचारलं... कुठं?"

मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो. थोड्या वेळाने वहिनी शेळीलाही बाहेर घेऊन आल्या आणि दार लोटून घेतलं.

नाना नंतर दर गुरुवारी पेठला जाऊ लागले आणि क्लबमध्ये दिसेनासे झाले. त्यांना काढायचा ठराव आपोआपच बारगळला. सभा पूर्वीसारख्या सुरळीत होऊ लागल्या, म्हणजे मागच्या गुरुवारचं वाचून दाखवण्यापुरत्या. चहानंतर माणसं उगाच रेंगाळत; कोणी त्याचं कारण बोलून दाखवत नसे. त्या दोन भावांत काय बोलणं होई, ते मी विचारलं नाही. एकदा नाना स्वतःच म्हणाले, "काय न्हाई वो. ह्यो अर्धं बोलतो, मी अर्धं बोलतो. मिळून यकाचं बोलनं व्हतं."

ज्वारी काढणीला आली तेव्हा दादा गेले.

दहाव्याला पेठच्या ओढ्याकाठच्या घाटावर गर्दी होती. आमचा क्लब झाडून आला होता. वकीलसाहेब साखळी न घालता आले, हे मी मुद्दाम सांगतो. पुतण्यांबरोबर नानांनीही मुंडण केलं होतं. वक्ते एकामागून एक उठले. दादांचं दातृत्व निघालं, दादांचं सहकारप्रेम निघालं. मी नानांकडे पाहत होतो. यांतलं खरं किती आणि खोटं किती, हे ठाऊक असणारा वक्त्यांत तो एकच माणूस होता. त्यांनी कोणालाही टोकलं नाही.

शेवटी निवेदकाने नानांचं नाव पुकारलं. घाट शांत झाला. जुन्नर-आंबेगावातला शोकाचा सगळ्यांत मोठा वक्ता, आणि सख्ख्या भावाचा दहावा. मागची माणसंही ऐकायला पुढे सरकली. कोणीतरी माइक नानांच्या हातात दिला. नानांनी तो थोडा वेळ नुसता धरून ठेवला.

"माझं त्याच्याशी बोलून झालंय," ते म्हणाले, आणि माइक परत दिला.

निवेदक गोंधळला. काहीतरी करायचं म्हणून त्याने सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली. आम्ही सगळे उभे राहिलो. नाना तेवढे दगडावर बसूनच होते. नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून एकसारखा हात फिरवत होते, तिथे कोणाचा तरी हात ठेवलेला होता आणि आता तो सापडत नाही, असा.